कुटुंबप्रमुख तयार नाही

सरकारी बाई घरी येणार म्हटल्यावर लोक काय काय करतात ते मला विचारा. जमिनीवरचा पसारा पलंगाखाली जातो, पोरांची तोंडं धुतली जातात, शेजारून एक खुर्ची येते आणि घरातला कर्ता पुरुष शर्टाची बटणं लावत त्या खुर्चीसमोर येऊन बसतो. ऐंशी ते दोन हजार या वीस वर्षांत ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत मी अशा किती उसन्या खुर्च्यांवर बसले याची गणती नाही. कोणी मला कुटुंबनियोजनवाली समजायचं, कोणी जनगणनेची. विठ्ठलवाडीला एका चाळीत तर मी दारात उभी राहिल्याबरोबर एक गृहस्थ घाईघाईने म्हणाले, "मॅडम, तारेवरचा आकडा आमचा नाही, वरच्या मजल्याचा आहे." मी विजेच्या कंपनीची नव्हते. मी समाजसेविका होते.

आमचं काम बाहेरच्यांना पटकन कळत नाही, म्हणून सोपं करून सांगते. मनोरुग्णालयात दाखल झालेला माणूस सावरला, घरी राहू शकेल असं डॉक्टरांना वाटलं, की ते आमच्या कार्यालयाला पत्र पाठवत. याच्या घरी जाऊन या, त्याला नेऊन सांभाळायला कोणी आहे का बघा. मग मी जायचे, घर बघायचे, चार प्रश्न विचारायचे आणि दोन पानी फॉर्म भरून द्यायचे. याला गृहभेट म्हणत. त्या दोन पानांवर पुढचं सगळं अवलंबून असे. माणूस घरी येणार की आणखी काही वर्षं आतच राहणार, हे माझ्या पेनाने ठरायचं. कार्यालयाचं नाव मी लिहीत नाही, रुग्णालयाचंही नाही. रुग्णालयाचा यात काही दोष नव्हता. दोष कोणाचा होता तेच सांगायला बसले आहे.

आमचा फॉर्म सायक्लोस्टाइल केलेला होता, जांभळ्या शाईचा. पहिला रकाना, 'कुटुंबप्रमुखाचे नाव (शिधापत्रिकेनुसार)'. रेशनकार्डावर ज्याचं नाव सगळ्यात वर, तो कुटुंबप्रमुख. त्यानंतर घराच्या खोल्या, माणसं, मिळकत. आणि आठवा रकाना, 'कुटुंबप्रमुख रुग्णास घरी नेण्यास तयार आहे काय? होय / नाही.' 'नाही'वर खूण झाली की शेवटी अभिप्रायाच्या दोन ओळी लिहायच्या आणि फाइल बंद. मी फॉर्म झकास भरायचे. अक्षर वळणदार, खाडाखोड नाही. आमचे देसाईसाहेब नव्याने लागलेल्या मुलींना माझे फॉर्म नमुना म्हणून दाखवायचे. मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू, बराच होता.

आता मागे वळून बघताना वाटतं, मला तेव्हाच शंका यायला हवी होती. कल्याणला एका घरात मी म्हाताऱ्या आईची चौकशी करायला गेले होते. मुलगा समोर बसून धडाधड उत्तरं देत होता. आई जेवते? हो, दोन वेळा. काय जेवते? वरणभात. झोपते? छान झोपते. त्याच्या प्रत्येक उत्तरानंतर आतून भांडं आपटल्याचा आवाज यायचा. शेवटी सून पदराला हात पुसत बाहेर आली आणि मला म्हणाली, "बाई, त्यांना दात नाहीत, भात गिळवत नाही, मी पेज भरवते. रात्रभर जाग्या असतात. यांना विचारू नका, हे रात्री घोरत असतात." मुलगा ओशाळून हसला, मीही हसले आणि फॉर्मवर मुलाचं नाव लिहिलं. सुनेचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही. फॉर्ममध्ये त्याला जागाच नव्हती.

हिराबाईची आणि माझी गाठ सत्त्याऐंशी साली पडली. कोपरला खाडीच्या बाजूला कोळ्यांची जुनी वस्ती आहे, तिथल्या एका घराची गृहभेट माझ्याकडे आली होती. रुग्णाचं नाव काशिनाथ, वय तिशीच्या आसपास. विशीत असताना त्याला कानात आवाज ऐकू यायला लागले होते. तरी बरीच वर्षं तो घरीच होता. मग एकदा घरातून निघून गेला, चार दिवसांनी विठ्ठलवाडीच्या रेल्वे यार्डात पोलिसांना सापडला. नाव सांगता येईना, म्हणून त्यांनी त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं आणि तिथून त्याची रवानगी मनोरुग्णालयात झाली. औषधाने तो दोन वर्षांत शांत झाला होता. आता त्याला घरी न्यायला हरकत नाही, असं डॉक्टरांचं पत्र होतं.

रेशनकार्ड होतं मधला भाऊ बाळाराम याच्या नावावर. खुर्ची आली, चहा आला, बाळाराम शर्ट घालून बसला. माणूस वाईट नव्हता. हात जोडून म्हणाला, "बाय, मना तीन पोरी हान. उद्या त्यांना बगाया कोन आला आनि हा दारान बसलेला दिसला, तं मी काय सांगू? तिकरंच बरा हाय तो. दोन टाइम खायाला भेटतंय."

मी आठव्या रकान्यात 'नाही'वर खूण केली. तेवढ्यात दारातून आवाज आला, "त्यो नाय बोलंल. मी हो बोलतंय. मना द्या त्याला."

डोक्यावरची रिकामी पाटी काखेत घेऊन एक बाई उंबऱ्याशी उभी होती. काळीसावळी, काटक, चाळिशी ओलांडलेली. ती हिराबाई. बाळारामाच्या थोरल्या भावाची विधवा बायको, म्हणजे काशिनाथची वहिनी. त्याच घराच्या मागच्या खोलीत वेगळी राहायची, डोंबिवलीच्या बाजारात मासे विकून स्वतःचं स्वतः करायची. मूलबाळ नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा काशिनाथ चार वर्षांचा होता आणि त्याची आई वर्षभरातच गेली. तेव्हापासून त्याला हिनेच वाढवलं होतं.

"ताय, त्याला मागनं हाक नाय मारायची," ती खाली बसत मला समजावू लागली. "मागनं बोलला का दचकतंय. म्होरं जावाचा, मंग बोलाचा. गोली भातान नाय घालायची, त्याला कलतंय, ताट फेकतंय. हातावर ठेवाची आनि सांगाचा, काशा, ही गोली हाय, घे. घेतंय. आनि लय फिराया लागला का हातान जाल्याची सुई द्यायची. जाला विनाया बसला का संध्याकालपर्यंत उठत नाय."

मी ऐकत होते. चांगलं ऐकत होते, म्हणूनच तर आज शब्दन् शब्द आठवतो. पुढे डॉक्टरांच्या मोठमोठ्या व्याख्यानांत मी जे शिकले त्यातलं अर्धं या बाईने मला पाच मिनिटांत सांगितलं होतं. मी विचारलं, "मग तो निघून कसा गेला?"

"मी माहेरा गेलेली. भाऊ वारला माजा. दोन दिस." तिने बाळारामाकडे बघितलं नाही. बाळाराम बशीतल्या चहाकडे बघत बसला.

मी तिला म्हटलं, "हिराबाई, तुमचं नाव या कार्डावर कुठे आहे?"

"माजा येगला कार्ड हाय."

"मग तुम्ही या कुटुंबातल्या नाही."

माझं हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिते आहे. आवाजही चढवला नव्हता. नियम सांगावा तसं सांगितलं. हिराबाई माझ्याकडे बघत राहिली, मग बाळारामाकडे, मग परत माझ्याकडे. आपल्याला वेड लागलंय की या बाईला, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं. म्हणाली, "मंग कोनाची हाय मी?"

कोळीवाड्यात बाईच घर चालवते हे काय मला ठाऊक नव्हतं? बाजार तिचा, पैसा तिच्या कनवटीला, भांडण मिटवायला पुढे तीच. पुरुष खाडीतून आला की जेवून झोपतो. हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. मी मात्र हातातल्या रेशनकार्डाकडे बघून त्या घराचा कारभारी ठरवला. कार्यालयात परत येऊन अभिप्राय लिहिला आणि फाइल साहेबांच्या टेबलावर ठेवली.

त्यानंतर हिराबाई दर दोन-तीन महिन्यांनी माझ्याकडे यायला लागली. सकाळचा बाजार उरकून यायची. आमच्या शिपायाला तिच्या पाटीचा वास सहन व्हायचा नाही, म्हणून पाटी जिन्यात ठेवून वर यायची. एकच प्रश्न. "साहेब काय बोलला?"

"बाळारामची सही आणा, मग बघू."

"तो नाय देत."

"मग कसं होणार?"

"मी देतंय ना सही. आंगठा देतंय."

"तुमचा चालत नाही, हिराबाई."

दर वेळी हेच. चिडायची नाही, रडायची नाही. कधी म्हणायची, "काशाला भेटून आलू. बारीक झालाय." कधी म्हणायची, "आज त्यानं मना वलकलान नाय." मी हळहळायचे. खरंच हळहळायचे, चहा पाजायचे तिला. आणि घरी गेल्यावर नवऱ्याला सांगायचे, बिचारी किती करते, पण कायद्यापुढे काय करणार. कायदा हा शब्द मी सहा वर्षं तिच्यासमोर वापरला. तो कायदा मी एकदाही उघडून वाचला नव्हता. आमच्यापैकी कोणीच वाचला नव्हता. आम्ही फॉर्म वाचायचो.

मग त्र्याण्णव साली नवा मानसिक आरोग्य कायदा लागू झाला आणि टेंभी नाक्याजवळच्या एका सभागृहात आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं. शिकवायला एक वकीलबाई आल्या होत्या, साठीच्या, बारीक अंगाच्या, आवाज खणखणीत. दुपारच्या जेवणानंतर सगळे पेंगत होते. रुग्णाला घरच्यांच्या ताब्यात कसं द्यायचं हा भाग सुरू झाला, तेव्हा आपण जागे आहोत हे दाखवायला मी हात वर केला. विचारलं, "कुटुंबप्रमुखाने नकार दिला तर अर्ज पुढे पाठवायचा की तिथेच निकाली काढायचा?"

"कुटुंबप्रमुख कोण?" वकीलबाईंनी विचारलं.

"म्हणजे रेशनकार्डावर ज्याचं नाव पहिलं असतं तो."

"ते कळलं हो. या कायद्यात तो कुठे आहे? मला दाखवा, मी शोधतेय."

हशा झाला. मी पण हसले. त्यांनी पान उलटून वाचून दाखवलं. रुग्णाच्या नातेवाइकाला किंवा स्नेह्याला त्याचा सांभाळ करण्याची इच्छा असेल, तर त्याने अर्ज करावा. रुग्णाला नीट सांभाळीन, त्याला स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू देणार नाही, असं लिहून द्यावं. अधिकाऱ्यांची खात्री पटली की रुग्ण त्याच्या ताब्यात. "नातेवाईक किंवा स्नेही," त्या पुन्हा म्हणाल्या. "म्हणजे वहिनी चालेल, मावशी चालेल, शेजारीण चालेल. जो सांभाळतो त्याचा हा हक्क आहे. त्याला रेशनकार्ड कशाला?"

मी मोठ्या शहाणपणाने म्हटलं, "नव्या कायद्यात हा फार चांगला बदल केलाय."

त्यांनी चष्मा काढला. "बदल? कसला बदल? हे इंग्रजांच्या जुन्या कायद्यातही होतं. एकोणीसशे बारापासून आहे. तुम्ही इतकी वर्षं काय करत होता?"

मला वाटतं मी खाली बसले. नक्की आठवत नाही. शेजारची बाई मला वहीत काहीतरी दाखवत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. कोणी जवळचं गेल्याची तार आली की जसं होतं, तसं मला भर सभागृहात, पंख्याखाली बसून झालं. एकोणीसशे बारा. माझ्या आईचा जन्मही तेव्हा झालेला नव्हता.

तरी मनात म्हटलं, वकीलबाईंची चूक होत असेल. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षणाला दांडी मारून कार्यालयात गेले. जुन्या कपाटात तळाला तो जुना कायदा निघाला, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेला. पानं एकमेकांना चिकटली होती, म्हणजे ती कोणी उघडलीच नव्हती. पट्टीने हळूच सोडवली. ते कलम तिथे होतं. नातेवाईक किंवा स्नेही. कुटुंबप्रमुख हा शब्द मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत शोधला. नव्हता.

मग आमच्या फॉर्ममध्ये तो आला कुठून? देसाईसाहेबांना विचारलं. ते निवृत्तीला आले होते, त्यांना कार्यालयाचा सगळा इतिहास पाठ. म्हणाले, "अहो, सुरुवातीला आपल्याकडे फॉर्मच नव्हता. तेव्हाचे हेडक्लार्क आधी रेशनिंग खात्यात होते. त्यांनी तिकडचा घरचौकशीचा फॉर्म आणला, साखर आणि रॉकेल काढून टाकलं आणि आपले प्रश्न घातले. बरा होता फॉर्म. चालला ना इतकी वर्षं?"

साखर आणि रॉकेल काढून टाकलं. कुटुंबप्रमुख काढायचा राहिला. एका कारकुनाने कोणे एके काळी अर्ध्या तासात केलेली खटपट, आणि तिच्या जोरावर आम्ही माणसांना वर्षानुवर्षं आत ठेवलं होतं. कोणी लाच खाल्ली नव्हती, कोणाच्या मनात पाप नव्हतं. सगळे नेमाने काम करत होते, मी तर सगळ्यात नेमाने. दुष्टपणा असता तर निदान चीड तरी आली असती.

"साहेब, जुन्या फाइली परत उघडायला हव्यात," मी म्हटलं.

"फॉर्म बदलू," साहेब म्हणाले. "नव्या फाइली नव्या फॉर्मवर. जुन्यांतल्या ज्यांचं कोणी येईल, त्यांचं करून टाका. पण आपलं चुकलं असं कुठे लिहू नका. उगाच शंभर प्रश्न येतात."

मी फाइलींच्या खोलीत गेले. 'कुटुंबप्रमुख तयार नाही' असा शेरा असलेल्या फाइली वेगळ्या काढायला लागले. गठ्ठा गुडघ्यापर्यंत आला तेव्हा थांबले. मोजल्या नाहीत, मोजायचं धाडस झालं नाही. काशिनाथची फाइल सापडली. फॉर्म सुंदर भरला होता. शेवटी अभिप्रायात माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'रुग्णाची वहिनी सांभाळण्यास तयार आहे, परंतु ती विधवा असून स्वतंत्र राहते. अविवाहित दिरासोबत तिचे एकत्र राहणे योग्य वाटत नाही. शिफारस नाही.'

हे मी लिहिलं होतं. हे मी साफ विसरले होते. रकान्याने तर तिला बाहेर ठेवलंच होतं, पण ही ओळ रकान्याने लिहिली नव्हती. ती माझी होती. ज्या पोराला तिने चार वर्षांचा असल्यापासून न्हाऊमाखू घातलं, त्याच्याबरोबर तिने एका खोलीत राहणं मला, एका सुशिक्षित बाईला, योग्य वाटलं नव्हतं. आणि मी सहा वर्षं तिला चहा पाजून सांगत होते की कायद्यापुढे इलाज नाही. त्या दिवशी मी त्या खोलीत बसून रडले. स्वतःची इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच डोंबिवलीच्या मासळी बाजारात गेले. हिराबाई बोंबलांचे वाटे लावत होती. मला बघून तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला, तिला वाटलं काशिनाथचं काही बरंवाईट झालं. मी घाईघाईने म्हटलं, "हिराबाई, काशिनाथला घरी आणता येईल. तुमच्या अंगठ्यावर."

ती उठून उभीच राहिली. "कसा काय? तू तं बोललीस माजा चालत नाय."

आता खरं सांगायची वेळ होती. बाजार ऐकत होता. पाच-सहा कोळणी हातातली कोयती थांबवून माझ्याकडे बघत होत्या. आणि मी म्हटलं, "नवा कायदा आलाय."

तिने माझे दोन्ही हात धरले, खवल्यांनी भरलेल्या हातांनी. तिथेच ओरडून सगळ्यांना सांगितलं, तायनं माज्यासाठी कायदा आनला. कोणी माझ्या पिशवीत जबरदस्तीने पापलेट घातलं. मी नको नको म्हणत होते आणि आतून मरत होते. पण बोलले नाही.

पुढचं काम तीन आठवड्यांत झालं. मॅजिस्ट्रेटने विचारलं, नातं काय? हिराबाई म्हणाली, "वहिनी." त्यांनी मान हलवली आणि कागद पुढे सरकवला. एवढंच. सहा वर्षं जे अडलं होतं ते एवढंच होतं. तिच्या शेजारी बाजारात बसणारी कोळीण जामीन राहिली. अंगठा उमटवून झाल्यावर हिराबाईने तो साडीला पुसला आणि मला विचारलं, "झाला?"

काशिनाथ बाहेर आला तेव्हा मी बरोबर होते. केस पिकले होते, समोरचे दात गेले होते, औषधाने हात थरथरत होते. हिराबाई त्याच्या समोर जाऊन उभी राहिली, म्हणाली, "काशा, घरा चल." तो आज्ञाधारकपणे चालायला लागला. कोपरला घराशी आलो आणि तो उंबऱ्याबाहेर थांबला. आम्हाला वाटलं, दमला असेल. पण तो तिथेच उभा राहिला, नजर खाली, हात बाजूला. हिराबाई "ये" म्हणाली तेव्हा आत आला. मग आतल्या खोलीच्या दाराशी पुन्हा थांबला. मोरीच्या दाराशी थांबला. कोणीतरी जा म्हटल्याशिवाय दार ओलांडायचं नाही, हे त्याच्या अंगात भिनलं होतं. बाळाराम ओट्यावर बसून हे बघत होता. तोंडात पदर कोंबून हिराबाई मागल्या दारी गेली. ती रडलेली मी पहिल्यांदाच बघितली. मी तिथून निघाले.

काशिनाथ सावरला, तिने सावरला. वर्षभराने तो आपला आपण दारातून ये-जा करायला लागला आणि जाळंही विणायला बसला. ती मला हे बाजारात भेटली की सांगायची. तेव्हाही मी काही बोलले नाही. गुडघ्याएवढ्या गठ्ठ्यातल्या फाइली मी एक एक करून परत उघडत होते. काही घरं सापडली, काही पाडून तिथे इमारती उभ्या राहिल्या होत्या, काही ठिकाणी सांभाळायला तयार असलेलं माणूसच आता नव्हतं. मी मनाला समजावत होते की काम करतेय ना, बस झालं.

अठ्ठ्याण्णव साली एके दिवशी दुपारी हिराबाई माझ्या टेबलाशी आली. बरोबर बाजारात भाजी विकणारी एक बाई होती, तिशीची, मूळची देशावरची. "ताय, हिची आय आत हाय, धा वरसा झाली," हिराबाई म्हणाली. "भाऊ नको बोलतो. हिला तो नवा कायदा सांग."

ती बाई खुर्चीच्या कडेला टेकली. लग्न झाल्यावर माहेरच्या कार्डावरून नाव निघालेलं, म्हणून कुठेतरी कोणीतरी तिलाही सांगितलं होतं की तुझा काही हक्क नाही. माझ्याच कार्यालयातलं कोणी, दुसरं कोण असणार? ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, एक इचारू का? आई आत गेली तवा हा कायदा न्हवताच ना? न्हाय म्हंजे, मला सारखं वाटतं का मीच कमी पडले. तवाच धडपड केली असती तर आनता आली असती का काय."

"नव्हता गं," हिराबाईच बोलली. "तवा कुटं व्हता? ह्या तायनं आनला तो. माज्यासाठी आनला."

ती माझ्याकडे बघून हसली. इतक्या अभिमानाने हसली की मला ते बघवेना. मान डोलावली असती तर तिघींचंही समाधान झालं असतं. आणि मी म्हटलं, "होता."

हिराबाईला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. "काय?"

"कायदा तेव्हाही होता, हिराबाई. तुम्ही पहिल्यांदा मला म्हणालात ना, मला द्या त्याला, तेव्हाही होता. फार आधीपासून होता. मी वाचला नव्हता. आणि वाचल्यावर तुम्हाला नवा म्हणून खोटं सांगितलं."

ती भाजीवाली माझ्याकडे बघत होती, तिच्याकडे बघत होती. हिराबाईचा चेहरा हळूहळू बदलत गेला. राग नव्हता तो. मला तिने जणू पहिल्यांदा पाहिलं. मग तिने विचारलं, "मी जिना चरून येत व्हतू, तवा?"

"तेव्हाही."

"सा वरसा?"

"हो."

तिने टेबलाची कड घट्ट धरली. मी वाट बघत होते की ती आता शिव्या देईल, कोळणीच्या तोंडच्या खणखणीत शिव्या. मला त्या हव्या होत्या. तिने त्या भाजीवालीच्या खांद्यावर हात ठेवला, टेबलावरचा कोरा फॉर्म माझ्यापुढे ढकलला आणि म्हणाली, "आदी हिचा लिव. हिची आय अजून आत हाय."